ओपन सोर्स नेटवर्किंग प्लॅटफॉर्मसाठी कुठलं लिनक्स घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावांत इंटरनेट देणारे काही छोटे पुरवठादार मिळून स्वतःचा ओपन सोर्स राउटर बांधणार आहेत. साधे एक्स८६ सर्व्हर, त्यांवर बीजीपी (इतर नेटवर्कांशी मार्गांची देवाणघेवाण), ग्राहकांना लॉगिन करून जोडण्यासाठी पीपीपीओई, अनेकांना एक पत्ता वापरू देणारं नॅट, फायरवॉल. हे सगळं एका इमेजमध्ये भरायचं आणि प्रत्येकाच्या पॉपवर, म्हणजे जोडणी-केंद्रावर, बसवायचं. पुढे ते इतरांनाही मोफत द्यायचा विचार आहे. त्यासाठी पाया म्हणून कुठलं वितरण (लिनक्सचा तयार संच) घ्यावं: डेबियन, उबंटू, रॉकी किंवा अल्मा, अल्पाइन, की ओपनडब्ल्यूआरटी?

माझं उत्तर डेबियन स्टेबल असं आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरुवातीला त्यांचंच ठेवा, पण स्वतःचं कर्नल बांधायची तयारी पहिल्या दिवसापासून करा. रूटिंगसाठी एफआरआर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या, तेही एफआरआरच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून. कारणं मात्र सविस्तर वाचा, कारण तुमच्या गरजा थोड्या वेगळ्या असल्या तर उत्तर बदलतं.

बहुतेक चर्चांमध्ये लोक आजच्या तारखेला कुणाकडे कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती आहे त्याचा तक्ता मांडतात. ती तुलना दोन वर्षांत शिळी होते. एकदा चालू लागलेला राउटर-प्लॅटफॉर्म दहा वर्षं सहज चालतो, आणि डेबियनची एक आवृत्ती एलटीएस (नियमित मुदतीनंतरचा वाढीव आधार) धरून साधारण पाच वर्षं सांभाळली जाते. म्हणजे तुम्हाला पाया किमान दोनदा बदलावा लागणार, तोही चालू ग्राहक खांद्यावर असताना. म्हणून वितरण निवडताना पहिला प्रश्न हा विचारा की यावरून पुढच्या आवृत्तीवर जायला मला किती कष्ट पडतील.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण व्याटा आणि व्हीवायओएस यांचं आहे. व्याटा हा डेबियनवर उभा असलेला ओपन सोर्स राउटर. त्यात रूटिंगसाठी आधी झॉर्प होतं, २००८ च्या सुमारास ते बदलून क्वागा आलं. २०१२ मध्ये ब्रोकेडने व्याटा विकत घेतलं, त्याची मोफत आवृत्ती पुढे बंद पडली, आणि २०१३ मध्ये तिच्यातूनच व्हीवायओएसचा फाटा निघाला. या फाट्याच्या वाट्याला डेबियन ६, म्हणजे स्क्वीझ, आलं. स्क्वीझ फेब्रुवारी २०११ मधलं आणि त्याचा एलटीएस आधारसुद्धा फेब्रुवारी २०१६ मध्ये संपला. व्हीवायओएस १.२ मात्र आलं जानेवारी २०१९ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं जगभरचे राउटर अशा पायावर चालत होते ज्याला डेबियनकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नव्हत्या. आणि १.२ ज्या डेबियन ८ वर, म्हणजे जेसीवर, पोहोचलं त्याचाही नियमित आधार जून २०१८ मध्येच संपलेला होता.

हे त्या मंडळींच्या आळसामुळे झालं असं कुणी समजू नये. जे काम त्यांनी उरकलं ते अवघड होतं. व्याटाने डेबियनची कितीतरी पॅकेजं आपापले बदल करून वेगळी ठेवली होती. वर पर्ल आणि शेलचा मोठा ढिगारा जुन्या व्यवस्थेला घट्ट बांधलेला. मध्येच डेबियनने सेवा सुरू करायची जुनी इनिट पद्धत सोडून सिस्टमडी घेतलं. पाया एक पायरी वर न्यायचा म्हटलं की यातली प्रत्येक गाठ हाताने सोडवावी लागे. पुढे त्यांनी जुना कोड टप्प्याटप्प्याने पायथनमध्ये नव्याने लिहिला, आणि मग वेग आला: १.३ डेबियन १० वर, २०२४ मधलं १.४ थेट डेबियन १२ वर. या साऱ्या प्रवासात वितरण तेच राहिलं. फरक पडला तो वितरणावर स्वतःचे बदल किती आणि कुठे चढवले होते त्यामुळे.

तुमच्यासाठी यातून निघणारा नियम कडक आहे. डेबियनच्या पॅकेजमधली फाइल थेट बदलायची नाही. जो बदल हवा तो स्वतःच्या वेगळ्या पॅकेजमधून, सिस्टमडीच्या ड्रॉप-इन फाइलमधून किंवा तुमच्या कॉन्फिग तयार करणाऱ्या कोडमधून यायला हवा. एखाद्या पॅकेजला पॅच लावावाच लागला तर त्याच आठवड्यात तो मूळ प्रकल्पाकडे पाठवा. अंगावर बाळगलेल्या पॅचेसची यादी भिंतीवर लावा आणि दर महिन्याला ती लहान होते की वाढते ते पाहा.

सॉनिकने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेलं, २०२२ पासून लिनक्स फाउंडेशनकडे असलेलं हे स्विचचं सॉफ्टवेअर. खाली डेबियनचा पातळ थर, वर बीजीपी, एलएलडीपी, डेटाबेस वगैरे प्रत्येक काम स्वतंत्र डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या वेगळ्या खोक्यात. त्यामुळे खालचा डेबियन नव्या आवृत्तीवर गेला तरी एखादा कंटेनर काही काळ जुन्या आवृत्तीवर राहू शकतो. सगळी गाडी एकाच दिवशी हलवावी लागत नाही. तुमच्याकडे माणसं कमी आहेत, तेव्हा एवढी रचना पहिल्या वर्षी उभारायची गरज नाही. पण वेब पॅनेल, रेडियस (ग्राहकांची लॉगिन तपासणी), लॉगिंग, मॉनिटरिंग ही कामं तरी राउटरच्या पायापासून वेगळी ठेवा.

एचपीने २०१५ मध्ये आणलेलं ओपनस्विच हे स्विचचं सॉफ्टवेअर योक्टोवर बांधलेलं होतं. म्हणजे वितरण तयार न घेता प्रत्येक घटक स्रोतापासून स्वतः जुळवायचा. नंतर डेलच्या योगदानावर जी ओपीएक्स आवृत्ती उभी राहिली ती डेबियनवर. हार्डवेअर एकच असेल, मेमरी मोजकी असेल आणि हाताशी बिल्ड सांभाळणारी मोठी टीम असेल तर योक्टो उत्तम आहे. पण एनक्रिप्शनच्या ओपनएसएसएल लायब्ररीत छिद्र सापडलं की दुरुस्ती ओढून घेणं, बांधणं, तपासणं हे सगळं तुमच्याच गळ्यात येतं. डेबियनमध्ये ते काम सुरक्षा टीम करते आणि तुम्ही एक नवी इमेज बांधता. चार माणसांच्या गटाला हा फरक जगण्या-मरण्याचा असतो.

आता मालकीबद्दल. रेड हॅटच्या लिनक्सची मोफत प्रत असलेलं सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ मध्ये आलं तेव्हा ते २०२९ पर्यंत चालेल असं सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. ज्यांनी त्यावर नेटवर्कची उपकरणं बांधली होती त्यांच्या हाती एक वर्ष उरलं. रॉकी आणि अल्मा त्यातूनच जन्मले. दोन्ही प्रकल्प मनापासून चाललेले आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरीही त्यांची दिशा शेवटी रेड हॅट काय करते त्यावर ठरते. जून २०२३ मध्ये रेड हॅटने स्रोत देण्याची पद्धत बदलली तेव्हा हे पुन्हा दिसलं.

उबंटूबाबत अडचण निराळी आहे. स्वतःच्या सर्व्हरवर उबंटू वापरायला काहीच हरकत नाही. पण तुम्हाला बदललेली इमेज इतरांना वाटायची आहे. कॅनॉनिकलच्या बौद्धिक संपदा धोरणानुसार बदललेलं उबंटू त्यांच्या नावाखाली वाटायचं तर त्यांची मान्यता लागते. नाव काढून वाटायचं तर ट्रेडमार्क काढून स्रोतापासून पुन्हा बांधायला सांगितलं आहे. जीपीएलसारख्या परवान्यांनी दिलेले हक्क त्याने कमी होत नाहीत, पण लहान गटाने या कायदेशीर धुक्यात शिरूच नये. शिवाय उबंटूत ‘मेन’ आणि ‘युनिव्हर्स’ असे दोन भाग आहेत. युनिव्हर्समधल्या पॅकेजांच्या दीर्घकाळच्या सुरक्षा दुरुस्त्या उबंटू प्रोमधून मिळतात. तुमच्या यादीतलं प्रत्येक पॅकेज कुठल्या भागात आहे ते तपासल्याशिवाय ‘पाच वर्षं एलटीएस’ या शब्दांवर विसंबू नका.

डेबियनला मालक कंपनी नाही. त्यांचा सामाजिक करार १९९७ पासून लिखित आहे आणि निर्णय मतदानाने होतात. कुणी विकत घेऊन धोरण बदलेल ही भीती तिथे नाही. दहा वर्षांच्या कामासाठी मी या गोष्टीला बेंचमार्कपेक्षा कितीतरी जास्त गुण देतो.

कर्नल हा मात्र नेटवर्किंगचा गाभा, आणि इथे स्थिर वितरणाची चाल कधी कधी आड येते. व्हीआरएफ (एकाच राउटरवर वेगवेगळी रूटिंग टेबलं) कर्नलमध्ये आलं ४.३ पासून, म्हणजे २०१५ अखेर. जेसीसोबत कर्नल होतं ३.१६. वायरगार्ड हे व्हीपीएन मुख्य कर्नलमध्ये आलं मार्च २०२० मध्ये, ५.६ सोबत. डेबियन १० चं कर्नल होतं ४.१९. म्हणजे नेटवर्कवाल्याला हवी असलेली गोष्ट नेमकी एक पायरी पुढे असायची. व्हीवायओएसने यावर सरळ उपाय केला: वापरकर्त्याचा थर डेबियनचा, कर्नल स्वतः बांधलेलं. १.२ मध्ये जेसीवर ४.१९ होतं, १.३ मध्ये डेबियन १० वर ५.४, आणि १.४ मध्ये डेबियन १२ वर ६.६. सॉनिकने उलट डेबियनचंच कर्नल घेऊन त्यावर पॅच लावले, कारण स्विच-चिप बनवणाऱ्यांचे मॉड्यूल ठराविक कर्नलशी जुळवावे लागतात.

तुम्ही आज सुरुवात करणार असाल तर नशीबवान आहात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३, ट्रिक्सी, सोबत ६.१२ आहे आणि ते कर्नलच्या मूळ प्रकल्पाचंही दीर्घ मुदतीचं कर्नल आहे. व्हीआरएफ, वायरगार्ड, फायरवॉलसाठीचं एनएफटेबल्स, व्हीएक्सलॅन, सगळं त्यात आहे. तेव्हा आज स्वतःचं कर्नल बांधायची गरज नाही. बिल्डची वाट मात्र तयार ठेवा, कारण दोन-तीन वर्षांनी एखादं नवं नेटवर्क कार्ड येईल आणि ते ६.१२ ओळखणार नाही. डेबियनच्या बॅकपोर्ट्समधलं (चालू आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांमधलं) कर्नल हाही मधला मार्ग आहे. स्वतःचं बांधलंत तर सुटे सुटे सुरक्षा पॅच वेचत बसू नका. २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतःच सुरक्षा त्रुटींना सीव्हीई क्रमांक देतो आणि त्यांची संख्या इतकी मोठी असते की वेचणं अशक्य आहे. दीर्घ मुदतीच्या शाखेची प्रत्येक छोटी आवृत्ती जशीच्या तशी घ्या.

पीपीपीओईसाठी बहुधा तुम्ही ॲक्सेल-पीपीपी घ्याल, व्हीवायओएसही तेच वापरतं. पीपीपीओई मुख्य कर्नलमधल्या मॉड्यूलवर चालतं, पण आयपीओई (पीपीपीशिवाय थेट आयपी देणारी पद्धत) वापरलंत तर बाहेरचं मॉड्यूल बांधावं लागतं. ते राउटरवर डीकेएमएसने, म्हणजे कर्नल बदललं की जागच्या जागी आपोआप, बांधू नका. कर्नल बदलल्यावर मॉड्यूल बांधलं गेलं नाही की राउटर चालू दिसतो आणि ग्राहक एकही जोडला जात नाही. कर्नल आणि मॉड्यूल एकाच बिल्डमध्ये बांधा. राउटरवर कंपायलर असायचं कारणच नाही.

रेड हॅटच्या कुळात कर्नलचा क्रमांक गोठलेला असतो आणि नव्या गोष्टी मागे आणून त्यात बसवल्या जातात. आठव्या आवृत्तीचं कर्नल शेवटपर्यंत ४.१८ म्हणवतं, पण त्यातला नेटवर्कचा भाग बराच नवा असतो. त्यामुळे आवृत्तीवरून वैशिष्ट्यांचा अंदाज बांधता येत नाही. त्या आवृत्तीत वायरगार्ड नाही, नवव्यात ते पूर्वपरीक्षणाच्या दर्जाचं आहे. आपल्याकडे अनेक पुरवठादार वापरलेले जुने सर्व्हर घेतात, आणि रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. अल्माने ९.४ मध्ये त्यांतले काही परत आणले, ही त्यांची चांगली गोष्ट. या कुळाचा खरा फायदा कुठे? एखाद्या महागड्या कार्डाचा किंवा सॉफ्टवेअरचा विक्रेता ‘फक्त रेड हॅटवरच आधार देऊ’ म्हणत असेल तर. तसं असेल तर निमूटपणे अल्मा किंवा रॉकी घ्या.

फर्मवेअरचा मुद्दा डेबियनबाबत पूर्वी खरोखर त्रासाचा होता. जुन्या सर्व्हरवर असणाऱ्या ब्रॉडकॉमच्या बीएनएक्स२ कार्डांना वेगळी फर्मवेअर फाइल लागते, आणि ती इन्स्टॉलरमध्ये नसायची. २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. पण तुम्ही स्वतः इमेज बांधणार, तेव्हा ते पॅकेज तुम्हीच आठवणीने घालायचं. इंटेलच्या ई८१० मालिकेच्या कार्डांना डीडीपी नावाची फाइल लागते. ती मिळाली नाही तर ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जातो, कार्ड चालतं, पण एकाच क्यूवर, म्हणजे पॅकेटच्या एकाच रांगेवर. शंभर जीबीपीएसचं कार्ड रांगायला का लागलं याचा शोध लोक बीजीपीमध्ये घेत बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता एका गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण रात्री-अपरात्री फोन येतात ते याच्यामुळे. आधुनिक वितरणं सर्व्हर आणि लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून बनतात. त्यांतले काही घटक नेटवर्कची मालकी आपल्याकडे आहे असं धरून चालतात. सिस्टमडी-नेटवर्कडी मूळ सेटिंगमध्ये स्वतः न घातलेले रूट परके समजून काढू शकतं. म्हणजे ती सेवा पुन्हा सुरू झाली की एफआरआरने कर्नलमध्ये घातलेले रूट उडतात, आणि बीजीपी सेशन तर वर दिसत असतं. ते वापरायचंच असेल तर मॅनेजफॉरेनरूट्स आणि मॅनेजफॉरेनराउटिंगपॉलिसीरूल्स हे दोन्ही पर्याय बंद करा. नेटवर्कमॅनेजर राउटरवर नकोच. उबंटूवर नेटप्लॅन आणि क्लाउड-इनिट हे दोघंही इंटरफेसच्या कामात हात घालतात. डेबियनचा फायदा असा की किमान इन्स्टॉलेशनमध्ये यातलं काही सक्तीचं नाही. इंटरफेस एकाच हाताने चालवायचे, आणि तो हात तुमच्या प्लॅटफॉर्मचा असायला हवा. क्युम्युलसने स्विचसाठी लिहिलेलं इफअपडाउन२ डेबियनमध्ये आहे. शेकडो व्हीलॅन असतील तर ते पाहा.

इंटरफेसची नावंही स्वतः बांधून घ्या. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात गेलं की आपोआप मिळालेलं नाव बदलतं आणि फायरवॉलचे नियम भलत्या पोर्टवर लागतात. मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करणं हा व्हीवायओएसचाही मार्ग आहे.

आपोआप अपडेट पूर्ण बंद ठेवा. डेस्कटॉपवर रात्री एखादं पॅकेज बदललं तर कुणाला कळतही नाही. इथे ॲक्सेल-पीपीपी पुन्हा सुरू झालं की सगळे ग्राहक तुटतात, मग सगळे एकदम परत डायल करतात, आणि रेडियसवर असा भार येतो की अर्ध्यांना पुन्हा नकार मिळतो. त्यामुळे राउटरवर पॅकेज अपग्रेड हा प्रकारच नको. लाइव्ह-बिल्डने पूर्ण इमेज बांधा, ती स्क्वॅशएफएसमध्ये फक्त वाचण्यापुरती ठेवा, आणि डिस्कवर कायम दोन इमेज असू द्या: चालू आणि आधीची. नवी बिघडली तर रीबूट करून आधीच्या इमेजवर परत. व्याटापासून सॉनिकपर्यंत सगळे शेवटी याच रचनेवर आले. डेबियनचं स्नॅपशॉट संग्रहालय इथे फार कामाचं: २००५ पासूनची पॅकेजं तारखेनुसार तिथे आहेत, त्यामुळे ‘अमुक तारखेचं डेबियन’ असं बांधून वर्षभराने तीच इमेज पुन्हा तयार करता येते.

अल्पाइनबद्दल थोडक्यात. पूर्ण मेमरीतून चालणारी त्याची पद्धत सुंदर आहे, आणि छोट्या डीएनएस किंवा व्हीपीएन पेटीसाठी मी ते आनंदाने वापरतो. पण तिथे ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी आहे, त्यामुळे विक्रेत्यांची तयार बायनरी चालत नाहीत. शिवाय प्रत्येक आवृत्तीला साधारण दोनच वर्षं आधार मिळतो.

ओपनडब्ल्यूआरटी तुमच्या पॉपवर नको, ग्राहकाच्या घरी हवं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या स्रोतातून २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प छोट्या उपकरणांसाठी आजही सर्वोत्तम आहे. फक्त ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी मेमरीचे स्वस्त राउटर घेऊ नका. नव्या आवृत्त्या त्यांवर बसत नाहीत.

जुन्या ३२-बिट पेट्या कुणाकडे असतील तर त्या या प्लॅटफॉर्ममधून आत्ताच वगळा. ट्रिक्सीमध्ये त्यांच्यासाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही.

लॉगबद्दल एक आपल्याकडची गोष्ट. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवावी लागतात. म्हणून इमेजमध्ये वेळ जुळवणारं क्रोनी आणि नॅटच्या नोंदींसाठी यूलॉगडी२ पहिल्यापासून घाला. दोन्ही डेबियनमध्ये तयार आहेत. लॉग राउटरच्या डिस्कवर साठवू नका, बाहेर पाठवा.

राहिलं वेळापत्रक. ट्रिक्सीचा नियमित आधार ऑगस्ट २०२८ पर्यंत आहे, नंतर एलटीएस २०३० पर्यंत. एलटीएस हे डेबियनच्या सुरक्षा टीमचं काम नसतं. तो वेगळा गट आहे आणि तिथे प्रत्येक पॅकेजला आधार मिळेलच असं नाही. म्हणून एलटीएसची दोन वर्षं उशीर झाला तर हाताशी असावी म्हणून ठेवा, योजनेत धरू नका. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. पुढची फ्रीझमध्ये गेली, म्हणजे तिच्यात नवे बदल घेणं थांबलं, की तुमची इमेज दर आठवड्याला टेस्टिंगवरही (त्या तयार होत असलेल्या आवृत्तीवरही) बांधायला लागा. बांधली गेली नाही तर त्याच आठवड्यात कारण शोधा.

हे सगळं मान्य करण्याआधी एक चाचणी करून पाहा. डेबियन १२ वर तुमची छोटी इमेज बांधा: एफआरआर, ॲक्सेल-पीपीपी, एनएफटेबल्स, तुमचे दोन-चार बदल. मग तीच ट्रिक्सीवर न्या आणि काय काय मोडलं ते लिहून काढा. दुसरं जे वितरण मनात असेल त्याच्या मागच्या आवृत्तीवरून चालू आवृत्तीवर हेच करा. त्या दोन याद्या समोर ठेवून तुमच्या गटाची बैठक घ्या.